गुप्त पुराव्यापासून डिअरबॉर्नपर्यंत : रिपब्लिकन पक्ष आणि अमेरिकेतलं मुस्लिम मत

११ ऑक्टोबर २०००. नॉर्थ कॅरोलायनातल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठात अध्यक्षपदाचे उमेदवार जॉर्ज बुश (रिपब्लिकन) आणि अल गोर (डेमोक्रॅट) यांची दुसरी जाहीर चर्चा चालू होती. माणसाचा वंश बघून त्याला अडवणाऱ्या पोलिसांचा विषय निघाला. बुश यांनी उत्तर देता देता स्वतःहून एक गोष्ट जोडली : अरब अमेरिकनांनाही असंच वेचून काढलं जातं, ‘गुप्त पुराव्या’च्या आधारे, आणि याचं काहीतरी करायला हवं. आपले मित्र, मिशिगनचे सिनेटर स्पेन्सर अब्राहम त्यासाठी कायदा आणताहेत, असंही ते म्हणाले.

बाकीच्या अमेरिकेच्या हे वाक्य लक्षातही राहिलं नसेल. मुस्लिमांमध्ये मात्र ते घरोघर पोचलं. १९९६ मध्ये डेमोक्रॅट अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी सही केलेल्या दहशतवादविरोधी कायद्याने स्थलांतरितांच्या खटल्यांत गुप्त पुरावा वापरायला बळ दिलं होतं. म्हणजे सरकार माणसाला कोठडीत ठेवणार, पण का ठेवलंय ते त्याला किंवा त्याच्या वकिलाला सांगणार नाही. फ्लोरिडात एक पॅलेस्टिनी प्राध्यापक अशा पुराव्यावर तीन वर्षांहून जास्त काळ तुरुंगात होता. एवढ्या मोठ्या व्यासपीठावरून कुणीतरी हे बोललं, यालाच लोकांच्या लेखी मोल होतं.

त्यामागे आधीची मशागत होती. करकपातीचे कट्टर पुरस्कर्ते ग्रोव्हर नॉर्क्विस्ट यांचा हिशेब असा : हे लोक दुकानदार, डॉक्टर, इंजिनिअर, कुटुंब मानणारे, दारू-जुगारापासून लांब राहणारे, गर्भपाताबद्दल साशंक, मग यांचं घर आपल्याच पक्षात. त्याच महिन्यात मुस्लिम संघटनांच्या समन्वय समितीने बुश यांना पाठिंबा जाहीर केला. आपल्या निवडणुकांत ज्याला एकगठ्ठा मतदान म्हणतात, ते पहिल्यांदाच देशपातळीवर करून दाखवायचं, हा त्यांचा निर्धार होता. बुश फ्लोरिडात ५३७ मतांनी जिंकले. मुस्लिम मतांमुळेच बुश निवडून आले, असं नॉर्क्विस्ट यांनी पुढे लिहिलंही. ५३७ मतांच्या निकालावर कोणताही गट असा हक्क सांगू शकतो, पण मुस्लिम नेत्यांना त्या वेळी ते मनापासून खरं वाटत होतं.

या हिशेबात एक मोठी चूक होती आणि ती बहुतेक लेखांत सुटते. अमेरिकेतल्या मुस्लिमांपैकी साधारण पाचवा हिस्सा कृष्णवर्णीय आहे. त्यांची मतं नागरी हक्कांच्या लढ्यातून घडलेली, आणि ती डेमोक्रॅटिक पक्षाकडे जाणारी. बुश यांना पाठिंबा देण्याचा निर्णय मुख्यतः अरब आणि दक्षिण आशियाई स्थलांतरितांच्या संघटनांनी घेतला. आपल्याला कुणी विचारलंही नाही, ही सल कृष्णवर्णीय मुस्लिमांमध्ये बराच काळ राहिली. ‘मुस्लिम मत’ असा एकच गठ्ठा तेव्हाही नव्हता.

गुप्त पुराव्याबाबत मुस्लिम नेत्यांची बुश यांच्याशी व्हाइट हाउसमध्ये भेट ठरली होती. तारीख होती ११ सप्टेंबर २००१.

भेट अर्थातच झाली नाही. बुश यांच्या बाजूने एक गोष्ट नोंदवायलाच हवी : सहाव्या दिवशी, १७ सप्टेंबरला ते वॉशिंग्टनच्या इस्लामिक सेंटरमध्ये गेले आणि इस्लाम म्हणजे शांती, असं स्पष्ट बोलले. १९५७ मध्ये याच केंद्राच्या उद्घाटनाला तेव्हाचे रिपब्लिकन अध्यक्ष आयसेनहॉवर आले होते. पण पुढे कारभाराने वेगळीच वाट धरली. ऑक्टोबरमध्ये पाळत आणि तपासाचे सरकारी अधिकार वाढवणारा पेट्रियट कायदा आला. २००२ पासून २५ देशांतल्या पुरुषांना ‘विशेष नोंदणी’ची सक्ती झाली, त्यांतला उत्तर कोरिया सोडला तर बाकी जवळपास सगळे मुस्लिमबहुल. सोळा वर्षांवरचे पुरुष हातात कागदपत्रं घेऊन इमिग्रेशनच्या कचेरीत जायचे, बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचे. ८० हजारांहून जास्त लोकांनी नियम पाळून नोंदणी केली. त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणांवर देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू झाली. ज्यांनी सरकारवर विश्वास ठेवून दार ठोठावलं, तेच अडकले. मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत जिव्हारी लागणारं पान हेच वाटतं. मग इराक युद्ध झालं, आणि २००४ मध्ये मुस्लिम संघटनांनी डेमोक्रॅट उमेदवार जॉन केरी यांना पाठिंबा दिला.

ओबामांच्या काळात पक्षाच्या तळातली भाषा बदलली. ‘ओबामा मुस्लिम आहेत’ ही अफवा शिवीसारखी वापरली गेली. रिपब्लिकन असलेले माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल ऑक्टोबर २००८ मध्ये टीव्हीवर म्हणाले, ते मुस्लिम नाहीत. पण असते तरी काय बिघडलं? त्यांनी मासिकात पाहिलेल्या एका छायाचित्राचं वर्णन केलं : आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत एक आई मुलाच्या थडग्याच्या दगडावर डोकं टेकून बसली आहे. दगडावर पर्पल हार्ट आणि ब्राँझ स्टार ही पदकं कोरलेली, वर क्रूस नाही, चंद्रकोर आणि तारा आहे. मुलगा इराकमध्ये विसाव्या वर्षी गेला. ११ सप्टेंबरला तो चौदा वर्षांचा होता.

पॉवेल यांचा आवाज पक्षात एकटा पडला. २०१० मध्ये न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबरच्या हल्ल्याच्या जागेजवळ होऊ घातलेल्या इस्लामी केंद्राविरुद्ध मोहीम झाली. ओक्लाहोमात शरियतबंदीची घटनादुरुस्ती सुमारे ७० टक्के मतांनी मंजूर झाली, ती पुढे न्यायालयाने रद्द केली. ७ डिसेंबर २०१५ रोजी ट्रम्प यांनी मुस्लिमांना देशात येण्यावर संपूर्ण बंदीची मागणी केली. जानेवारी २०१७ मध्ये सात देशांवर प्रवासबंदी आली, आणि तिची सुधारित आवृत्ती जून २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ५ विरुद्ध ४ मतांनी टिकली.

इतकं होऊनही २०२४ मध्ये मिशिगनमधल्या डिअरबॉर्नमध्ये ट्रम्प पहिले आले : त्यांना सुमारे ४२ टक्के, डेमोक्रॅट कमला हॅरिस यांना ३६, ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना १८. फोर्डच्या कारखान्याभोवती वाढलेलं हे अरब अमेरिकनांचं शहर २०२० मध्ये ठामपणे बायडन यांच्या मागे होतं. गाझातलं युद्ध आणि त्याला बायडन सरकारची शस्त्रं, हे पहिलं कारण. फेब्रुवारीत डेमोक्रॅट पक्षाच्या प्राथमिक फेरीतच मिशिगनच्या लाखभर मतदारांनी ‘अनकमिटेड’वर, म्हणजे कुणाच्याच बाजूने नाही या पर्यायावर, खूण केली होती. शाळेतल्या समलैंगिकतेविषयीच्या पुस्तकांवरून २०२२ मध्ये पेटलेला वाद हे दुसरं. जवळच्या हॅमट्रॅमिक शहरात, जिथली नगर परिषद तेव्हा पूर्ण मुस्लिम होती, २०२३ मध्ये शहराच्या मालकीच्या जागेवर समलिंगी अभिमानाचा झेंडा लावायला मनाई झाली. तिथले तेव्हाचे, येमेनमध्ये जन्मलेले महापौर आमेर गालिब यांनी ट्रम्प यांना जाहीर पाठिंबा दिला.

म्हणजे नॉर्क्विस्ट यांचा कुटुंबमूल्यांचा हिशेब चोवीस वर्षांनी थोडाफार जुळला. माझ्या मते तो एकट्याने कधीच पुरला नसता. २००० मध्ये गुप्त पुरावा, २०२४ मध्ये गाझा : दोन्ही वेळा सत्तेवर असलेल्या डेमोक्रॅट सरकारवरचा राग आधी होता, मूल्यं मागाहून आली.

जून २०२५ मध्ये ट्रम्प यांनी नवी प्रवासबंदी काढली. पूर्ण बंदी घातलेल्या बारा देशांच्या त्या यादीत येमेन होता.