व्हर्च्युअल मशीनमध्ये लिनक्स बसत नसेल तर

या विषयावर आम्हाला येणारे बरेच फोन एकाच प्रश्नाने सुरू होतात: ‘आयएसओ (लिनक्स बसवायची डाउनलोड केलेली फाइल) पुन्हा डाउनलोड करू का?’ थोडं थांबा. पाच-सहा जीबी पुन्हा उतरवून घेण्याआधी मशीनच्या सेटिंग्ज उघडा. दोष लिनक्सचा क्वचितच असतो. आपण त्याला राहायला जो खोटा संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, बांधून दिला, त्यातच काहीतरी राहून गेलेलं असतं. खालची माहिती असं मशीन चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर धरून लिहिली आहे. व्हीएमवेअरमध्ये मेनूंची नावं वेगळी, दुखणी बहुतेक तीच.

मशीन सुरूच होत नाही

मशीन बनवताना प्रकारांच्या यादीत फक्त ३२-बिटचे पर्याय दिसतात, किंवा ‘या कर्नलला एक्स८६-६४ सीपीयू लागतो, सापडला आय६८६’ अशा अर्थाची ओळ इंग्रजीत येऊन सगळं थांबतं. आधी पाहा, मशीन बनवताना चुकून ३२-बिट प्रकार निवडला गेला नाही ना. तसं नसेल तर प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) बंद असण्याची शक्यता मोठी. इंटेलवर ती व्हीटी-एक्स म्हणून ओळखली जाते, एएमडीवर एएमडी-व्ही. काही मदरबोर्डांच्या बायोसमध्ये नुसतं ‘एसव्हीएम मोड’ लिहिलेलं असतं आणि तिथे हमखास शोधाशोध होते. चालू करा, सेव्ह करा, संगणक पूर्ण बंद करून पुन्हा लावा.

मशीन चालतं, पण रखडत? विंडोजवर असाल तर मशीनच्या खिडकीच्या तळाच्या पट्टीत उजवीकडे बघा. तिथे हिरवं कासव बसलेलं दिसलं, तर प्रोसेसरची ती सोय हायपर-व्हीने (विंडोजच्या स्वतःच्या व्हर्च्युअल मशीन यंत्रणेने) आधीच ताब्यात घेतलेली आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फत काम करावं लागतंय. (ज्याने हे चित्र निवडलं त्याला दाद द्यायला हवी.) ‘विंडोज फीचर्स’मधून हायपर-व्ही आणि व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म काढले की बऱ्याचदा कासव जातं, पण त्याबरोबर डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आतच लिनक्स चालवण्याची सोय) सुद्धा बंद पडतं. ते रोज वापरत असाल तर कासव सहन केलेलं बरं. तरीही कासव हटलं नाही, तर विंडोज सिक्युरिटीतली ‘मेमरी इंटिग्रिटी’ कारण असू शकते. ती संरक्षणासाठी आहे, सरसकट बंद करा असं आम्ही सांगणार नाही.

अ‍ॅपलच्या एम मालिकेच्या चिपवर नेहमीची आयएसओ चालणार नाही, एआरएम६४ वालीच (एआरएम चिपसाठी बनवलेली) घ्या.

बसवताना

उबुंटू डेस्कटॉपसाठी (उबुंटू हा लिनक्सचाच एक प्रकार) ४ जीबी रॅम, २५ जीबी डिस्क आणि दोन सीपीयू द्या. कमी रॅमवर इन्स्टॉलर मध्येच गोठतो आणि आपण मात्र आयएसओला दोष देतो. पण मूळ संगणकात ८ जीबीच असेल तर हात सैल सोडू नका; अर्ध्यापेक्षा जास्त दिलंत तर दोघेही उपाशी.

‘डिस्क पुसा आणि उबुंटू बसवा’ हा पर्याय पाहून अनेकांचा हात थबकतो, आणि ते योग्यच आहे. इथे मात्र पुसली जाते ती मशीनची आभासी डिस्क, म्हणजे तुमच्या संगणकावरची एक फाइल. खात्री हवी तर तिथे दिसणारा आकडा वाचा: तुम्ही दिलेले २५ जीबी दिसत असतील तर बिनधास्त पुढे जा.

‘पुढे’ बटणच दिसत नाही? खिडकी ८०० बाय ६०० ची असते, बटण खाली दडलेलं असतं. विंडोज की दाबून धरा आणि माउसने खिडकी वर ओढा. काही डेस्कटॉपवर त्याऐवजी ऑल्ट लागते. माउस आत अडकला तर उजवी कंट्रोल दाबा.

स्क्रीन काळी पडत असेल तर मशीन बंद करून डिस्प्लेमध्ये ग्राफिक्स कंट्रोलर व्हीएमएसव्हीजीए ठेवा, व्हिडिओ मेमरी १२८ एमबी करा, थ्रीडी अ‍ॅक्सिलरेशनची खूण काढा. तरीही काळीच, तर उबुंटूच्या सुरुवातीच्या मेनूत ‘सेफ ग्राफिक्स’ निवडा.

बसवून झाल्यावर

एका ग्राहकांनी एकच उबुंटू तीनदा बसवलं होतं. प्रत्येक वेळी रीस्टार्टनंतर इन्स्टॉलर पुन्हा उभा! आयएसओ आभासी ड्राइव्हमध्ये तशीच होती. मशीन बंद करा, स्टोरेजमध्ये जाऊन ती काढा.

व्हर्च्युअलबॉक्स ७ पासून आयएसओ निवडली की इन्स्टॉलेशन आपोआप उरकण्याची सोय पुढे येते. आमचा सल्ला: टाळा. त्यातून तयार होणाऱ्या ‘व्हीबॉक्सयूजर’ या खात्याला सुडोचे (अ‍ॅडमिनचे) अधिकार नसतात, आणि उबुंटूवर कधीकधी टर्मिनलही (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडत नाही. दहा मिनिटं वाचवायला जाऊन संध्याकाळ जाते.

आम्हाला फोन करण्याआधी

मशीन डिलीट करू नका. यादीत मशीनवर राइट-क्लिक करून ‘शो लॉग’ उघडा, ती फाइल सेव्ह करा आणि एररचा फोटो काढा. फोटोत शेवटची ओळ नको, पहिली हवी.