‘आनुषंगिक’ मागे पडला, ‘दुष्परिणाम’ पुढे आला

फळासाठी आंबा लावला की सावली आणि सुवास मागोमाग येतातच, असं आपस्तंब धर्मसूत्रात म्हटलंय. धर्म आचरला की अर्थही तसाच मागून येतो, हे पटवायला दिलेला हा दाखला. झाड लावलं फळासाठी, सावली आयती मिळाली. अशा गोष्टीसाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे: आनुषंगिक.

तो ‘अनुषंग’वरून आला. ‘सञ्ज्’ म्हणजे चिकटणं. संग, प्रसंग, आसक्ती ही सगळी त्याच धातूची लेकरं. संस्कृत व्याकरणात ‘च’चे, म्हणजे ‘आणि’चे, अर्थ शिकवताना एक वाक्य हमखास येतं, ‘भिक्षेला जा आणि गाय आण’. भिक्षा हे मुख्य काम. गाय वाटेत दिसली तर आणायची, तिच्यासाठी वेगळी पायपीट करायची नाही. गाय आणण्याचं हे काम व्याकरणकार ‘आनुषंगिक’ म्हणतात. ते चांगलं की वाईट, हा प्रश्नच तिथे उठत नाही.

आज हा शब्द ‘उपरोक्त पत्राच्या अनुषंगाने’ आणि ‘आनुषंगिक खर्च’ एवढ्यापुरता उरलाय. औषधांच्या बाबतीत तर ‘साइड इफेक्ट’ नाहीतर थेट ‘दुष्परिणाम’. मला हे खटकतं. ‘परिणाम’ म्हणजे मुळात रूपांतर. सांख्य तत्त्वज्ञांचं नेहमीचं उदाहरण दुधाचं दही होण्याचं. त्याला ‘दुष्’ जोडला की निकाल आधीच लागतो.

मिनॉक्सिडिलचंच बघा. 1979 मध्ये अमेरिकेत ते तीव्र रक्तदाबावरची गोळी म्हणून मंजूर झालं. घेणाऱ्यांच्या अंगावर, चेहऱ्यावर केस वाढू लागले. बायकांना ते नकोसं झालं, पण 1988 मध्ये तेच औषध टकलावर लावायला मंजूर झालं. डायफेनहायड्रामाइन या ॲलर्जीवरच्या जुन्या औषधाने झोप येते. गाडी चालवणाऱ्याला ती गुंगी घातक, पण अनेक देशांत त्याच गुंगीसाठी ते झोपेची गोळी म्हणून विकलं जातं. औषध तेच, गुंगीही तीच. मग तिला सरसकट दुष्परिणाम कसं म्हणायचं?

मळमळ, पुरळ, रक्तस्राव यांना दुष्परिणामच म्हणावं, तिथे शब्द सौम्य करणं रुग्णाच्या जिवावर बेतेल. बाकीच्या ठिकाणी मी ‘आनुषंगिक परिणाम’ असं लिहिते. वाचणारा क्षणभर अडखळतो, पण पुढच्या वाक्यात गुंगी किंवा केस आले की त्याला अर्थ लागतो.