३१ तारीख गेली कुठं?

१ ते ३१ जानेवारीचा रिपोर्ट काढला आणि ३१ तारखेच्या नोंदी गायब! डेटाबेसवर काम करणाऱ्याला हा झटका एकदा तरी बसतोच. मग आधी संशय सर्व्हरवर, मग नेटवर्कवर, आणि शेवटी कुणीतरी रॅम वाढवायला सांगतो, जणू रॅम म्हणजे सगळ्या दुखण्यांवरचा अंगाराच. डेटा बिचारा जागेवरच असतो, विचारताना आपणच चुकलेलो असतो.

होतं असं की तारखेच्या कॉलममध्ये तारखेसोबत वेळही असते. 'बिटवीन' (या दोन टोकांच्या मधलं दे, अशी आज्ञा) लिहून शेवटची तारीख नुसती ३१ जानेवारी दिली की डेटाबेस तिथे वेळ ००:०० धरतो, म्हणजे दिवस उजाडायच्या आतच दार बंद. मग लोक हुशारी करून २३:५९:५९ लिहितात, तरी त्या शेवटच्या सेकंदाच्या पोटातल्या नोंदी निसटतात. पुढे .९९९ जोडलं तर मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमधला तारीख-वेळ साठवायचा जुना 'डेटटाइम' प्रकार ते जवळच्या आकड्याला नेतो आणि थेट १ फेब्रुवारीचे ००:०० करून टाकतो!

त्यापेक्षा सरळ विचारा: १ जानेवारी किंवा नंतरचं, आणि १ फेब्रुवारीच्या आधीचं. डावी कड आत, उजवी बाहेर. आकड्यांच्या रांगा लिहायची हीच पद्धत बरी, असं संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९८२ मध्ये मांडलं होतं. फेब्रुवारी २८ चा की २९ चा ही कटकटही मिटते.

आता माझी आवडती गोष्ट, इंडेक्स, म्हणजे नोंदी पटकन शोधायला क्रमाने लावलेली सूची. कोट्यवधी नोंदींतून एक महिना क्षणात निघतो तो बी-ट्रीमुळे, म्हणजे ही सूची झाडासारखी फांद्या-फांद्यांनी मांडल्यामुळे. हे झाड १९७०च्या सुमारास बोईंगच्या प्रयोगशाळेत रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी रचलं (त्यातला 'बी' कशाचा, ते दोघांनी नक्की सांगितलंच नाही). झाडाच्या प्रत्येक गाठीत शेकडो तारखा क्रमाने लावलेल्या, आणि दोन तारखांच्या मधे खालच्या गाठीचा पत्ता. समजा एका गाठीतून ५०० वाटा फुटतात, तर तीन पायऱ्यांत ५०० × ५०० × ५०० म्हणजे साडेबारा कोटी ठिकाणं आवाक्यात येतात. आणि खरी गंमत तर पुढेच आहे, सगळ्यात खालची पानं बहुतेक डेटाबेसमध्ये एकमेकांना साखळीसारखी जोडलेली असतात, त्यामुळे १ जानेवारी एकदा सापडली की पुन्हा वर चढायला नको, नुसतं पुढे सरकत जायचं आणि १ फेब्रुवारी दिसली की थांबायचं, बाकीच्या झाडाकडे बघायचंही नाही.

पण कॉलमवर फंक्शन लावून 'तारखेतला महिना १ असेल त्या नोंदी दे' म्हटलं की खेळ संपला. झाड लावलंय पूर्ण तारखेच्या क्रमाने, जानेवारी तर दर वर्षी येतो आणि झाडभर विखुरलेला असतो, मग डेटाबेस एकेक नोंद उचलून तिचा महिना काढत बसतो.

आणि तारीख टेक्स्ट म्हणून साठवली असेल तर विचारूच नका. अक्षरांच्या क्रमात '०२/०१/२०२५' ही '१५/०३/१९९८'च्या आधी येते, कारण ० हा १ च्या आधी. आयएसओ ८६०१ या तारीख लिहायच्या आंतरराष्ट्रीय मानकात वर्ष-महिना-दिवस असा क्रम आहे, तसं लिहिलं तर निदान टेक्स्टसुद्धा बरोबर रांगेत लागतं.