उकिडवं बसणारं निळं मूल

चार पावलं पळून मूल थांबतं आणि तिथंच उकिडवं बसतं. ओठ आणि नखं निळसर पडलेली असतात. असं मूल पाहिलं की बालहृदयरोगतज्ज्ञाच्या मनात स्टेथोस्कोप लावायच्या आधीच एक नाव येतं : टेट्रालॉजी ऑफ फॅलो. फ्रान्समधल्या मार्सेयच्या डॉ. फॅलो यांनी १८८८ साली या आजारातले चार दोष एकत्र मांडले.

हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र असतं. फुफ्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते. महाधमनी सरकून नेमकी छिद्राच्या वर आलेली असते. आणि अडलेल्या वाटेतून सतत जोर लावून उजव्या कप्प्याची भिंत जाड होते. मूल किती निळं पडणार, हे मुख्यतः त्या अरुंद वाटेवर ठरतं. ती जितकी अडेल, तितकं जास्त अशुद्ध रक्त छिद्रातून थेट महाधमनीत शिरतं आणि प्राणवायू न घेताच अंगभर फिरतं.

उकिडवं बसलं की पायांतल्या रक्तवाहिन्या दबतात. शरीराकडे जाणाऱ्या रक्ताला अडथळा वाढतो, म्हणून थोडं जास्त रक्त फुफ्फुसाकडे वळतं. कुणीही न शिकवता लहान मुलाला हा उपाय सापडतो, याचं मला अजून नवल वाटतं. या आजाराचं तान्हं बाळ रडता रडता एकदम काळंनिळं पडलं, तर त्याचे गुडघे पोटा-छातीशी दुमडून धरायचे आणि तडक दवाखाना गाठायचा, असं आईला सांगतात ते याच कारणाने.

१९४० च्या दशकापर्यंत या मुलांसाठी डॉक्टरांच्या हाती फारसं काही नव्हतं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. हेलन टॉसिग अशी मुलं तपासत. त्यांना ऐकू कमी येई, म्हणून त्या छातीवर हात ठेवून हृदयाची थरथर ओळखत. त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. गर्भात महाधमनी आणि फुफ्फुसधमनीला जोडणारी एक नळी असते, ती जन्मानंतर मिटते. काही मुलांत ती उघडी राहते. एरवी हाही दोषच. पण निळ्या बाळांपैकी ज्याची नळी उघडी, ते तग धरी. नळी मिटली की खालावे. मग तशी वाट मुद्दाम का करून देऊ नये?

ही कल्पना त्यांनी शल्यविशारद आल्फ्रेड ब्लेलॉक यांच्यापुढे ठेवली. प्रयोगशाळेत ती प्रत्यक्षात आणली व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय सहाय्यकाने. मंदीत पैसे बुडाल्याने त्यांचं डॉक्टर होणं राहून गेलं होतं. कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करून त्यांनी टाका न् टाका बसवला. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी पंधरा महिन्यांच्या मुलीच्या हाताकडे जाणारी धमनी फुफ्फुसधमनीला जोडली गेली, तेव्हा ब्लेलॉक यांच्या मागे स्टुलावर उभे राहून थॉमस सूचना देत होते. ती मुलगी पुढे काही महिन्यांनी गेली, पण नंतरच्या एका मुलाचे ओठ टेबलावरच गुलाबी झाले. १९४५ च्या शोधनिबंधावर थॉमस यांचं नाव नव्हतं. हा अन्याय होता, आणि आज त्या जोडणीच्या नावात थॉमस घातलं जातं ते योग्यच आहे.

ती जोडणी म्हणजे तात्पुरती सोय होती. मूळ दोष दुरुस्त करायला हृदय उघडावं लागतं. मिनेसोटात डॉ. लिलेहाय यांनी १९५४ मध्ये मुलाचं रक्ताभिसरण एका निरोगी माणसाच्या रक्ताभिसरणाला जोडून ते केलं. लवकरच ते काम हार्ट-लंग मशीनवर, म्हणजे ऑपरेशन चालू असताना हृदय-फुफ्फुसांचं काम करणाऱ्या यंत्रावर आलं. आता इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, छिद्र, अरुंद वाट, रक्ताची दिशा पडद्यावर रंगांत दिसते; बऱ्याचदा गर्भातच, पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत शंका येते. साधारण पहिल्या वर्षातच छिद्रावर ठिगळ लावून वाट रुंद करतात.

वाट रुंद करताना फुफ्फुसाकडची झडप मात्र अनेकदा गळकी होते. ती वर्षानुवर्षं त्रास देत नाही, पण उजवा कप्पा हळूहळू फुगत जातो. म्हणून ऑपरेशन झालेल्यांनी विशीत-तिशीतही नियमित इको करून घ्यावा, गरज पडल्यास एमआरआयसुद्धा. नवी झडप बसवायची वेळ आलीच, तर आता काही जणांना ती छाती न उघडता मांडीच्या शिरेतून बसवता येते.