एका मीटरवर अनेक घरं: पाणीपट्टी आणि सांडपाणी आकार दुरुस्तीचा अर्ज

‘आमचा दर कमी करा’ असा अर्ज केला तर तो सहसा परत येतो. दरपत्रक एका इमारतीसाठी बदलत नाही. मागायची असते ती वर्गवारीची दुरुस्ती: सदनिकांची खरी संख्या नोंदीवर घ्यावी आणि वापराचे टप्पे त्या संख्येने गुणावेत.

हिशोब करून पाहा. 24 सदनिका, एकच मीटर, महिन्याचा वापर 288 किलोलिटर, म्हणजे घरटी 12. समजा पहिले 15 किलोलिटर मूळ दराने, पुढचे 10 दीडपटीने आणि त्यावरचे दुपटीने. सगळी इमारत एकच ग्राहक धरली तर बिल मूळ दराच्या 556 पट येतं. टप्पे 24 ने गुणले की पहिलाच टप्पा 360 किलोलिटरचा होतो, आणि बिल 288 पटीवर थांबतं. पाणी तेवढंच, बिल जवळपास निम्मं.

पण घाई नको. वर्गवारी बदलली की काही ठिकाणी स्थिर आकारही (वापर कितीही असला तरी लागणारी ठरावीक रक्कम) घरटी लागू होतो. तो आधी मीटरच्या व्यासावर असेल, तर 50 मिमी मीटरची क्षमता 15 मिमीच्या साधारण 8 पट धरतात. म्हणजे आज एका घराच्या स्थिर आकाराच्या 8 पट भरणारी इमारत उद्या 24 पट भरेल. लहान घरं आणि कमी वापर असेल तर टप्प्यांत वाचलेलं इथे निघून जातं. मागच्या 12 महिन्यांची बिलं दोन्ही पद्धतींनी मांडा, मगच अर्ज लिहा.

पात्रता: स्वतंत्र स्वयंपाकघर आणि शौचालय असलेलं घर एक सदनिका मोजलं जातं, वसतिगृहातल्या खोल्या सहसा मोजत नाहीत. तळमजल्यावर दुकानं असतील तर त्यांची जोडणी आधी वेगळी करून घ्या, नाहीतर सगळ्या इमारतीला मिश्र वापराचा दर लागण्याचा धोका असतो. मीटर चालू हवा, थकबाकी नको.

कागदपत्रं: मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, सदनिकांची यादी (रिकाम्या धरून), 12 महिन्यांची बिलं, मीटरचा क्रमांक आणि वाचन दिसेल असा फोटो, सही करणाऱ्याला अधिकार देणारा ठराव. अर्ज अडतो तो बहुधा यादीवर. दोन सदनिका जोडून एक केली असेल तर नकाशात 24 आणि जागेवर 23 निघतात. तपासणीला येण्याआधीच हे अर्जात लिहा.

सांडपाण्याचा मुद्दा वेगळ्या परिच्छेदात मांडा. हा आकार बहुतेक वेळा पाण्याच्या वापरावरच टक्केवारीने लावतात, पण बागेला घातलेलं किंवा कूलिंग टॉवरमधून वाफ होऊन गेलेलं पाणी गटारात जातच नाही. ते वजा करायचं तर त्या नळावर स्वतंत्र मीटर आणि त्याची वाचनं लागतात. अंदाजे आकडा सहसा मान्य होत नाही. उलट बाजूही आहे: विहिरीचं किंवा टँकरचं पाणी वापरत असाल तर तेही गटारात जातं, आणि तपासणीत ते निघालं तर आकार वाढू शकतो.

अर्जाआधी गळती तपासा. जमिनीखालची टाकी भरू द्या, पंप बंद ठेवा आणि फ्लोट व्हॉल्व्ह बंद झाल्यावर मीटर पाहा. काटा फिरत असेल तर व्हॉल्व्ह तरी गळतोय किंवा मीटरपासून टाकीपर्यंतची लाइन तरी. मिनिटाला 1 लिटर गेलं तरी 30 दिवसांत 43 किलोलिटर होतात, वरच्या उदाहरणातल्या साडेतीन घरांचं पाणी. दराची कुठलीही दुरुस्ती ते भरून काढत नाही.

अर्जाची तारखेसह पोच घ्या आणि निकाल लागेपर्यंत वाद नसलेली रक्कम भरत राहा. मागची जास्तीची वसुली परत हवी असेल तर महिने आणि रकमा लिहून ती मागणी त्याच अर्जात करा. नुसती दुरुस्ती मागितली तर ती पुढच्या बिलापासूनच लागू होण्याची शक्यता जास्त.

दुरुस्तीनंतरच्या पहिल्या बिलात सदनिकांची संख्या आणि बिलाचे दिवस, दोन्ही पाहा. बिल 30 ऐवजी 37 दिवसांचं असेल तर 15 किलोलिटरचा टप्पा 18.5 व्हायला हवा.