पहाटे 12 अंश, दुपारी 30

डिसेंबरातली पहाट. निपाणीहून संकेश्वरकडे मोटारसायकलवरून निघालो होतो. तवंदी घाट ओलांडेपर्यंत बोटं ब्रेकवर आहेत की नाहीत, याची खात्री डोळ्यांनी बघून करावी लागत होती. अंगात बनियन, त्यावर थर्मल, शर्ट, स्वेटर आणि सगळ्यांवर जर्किन. जर्किनची चेन तेवढी छातीपर्यंत येऊन अडत होती. पहिली चहाची टपरी दिसली तिथं थांबलो. टपरीच्या मागच्या फडात ऊसतोड चालली होती. तोडकऱ्याच्या अंगात एकच फुलबाह्यांचा शर्ट, तोही वरची बटणं सोडलेला, आणि त्याच्या पाठीवरून वाफ निघत होती. मी पाच कपड्यांत कुडकुडत होतो, तो एका कपड्यात घामाघूम. हवा एकच, वेळ एकच, आमच्यात अंतर पन्नास पावलांचं.

थंडीचे कपडे घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, ‘किती थंडीसाठी पायजे?’ लेबलवरही तापमानच छापलेलं असतं. पण त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे : हे कपडे घालून तुम्ही करणार काय?

स्वस्थ बसलेला माणूस साधारण 100 वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बइतकी उष्णता सतत बाहेर टाकत असतो. झपझप चालायला लागला की ती अडीच-तीन पट होते. कोयता चालवणाऱ्याची त्याहूनही जास्त. कपडा स्वतः उष्णता तयार करत नाही. चूल शरीराची, कपडा फक्त झाकण. चूल किती पेटलीय हे न बघता झाकण निवडलं, तर एक तर गारठून जाल नाहीतर उकडून निघाल.

हे मोजायला शास्त्रज्ञांनी एक एकक काढलं आहे, ‘क्लो’. 1941 साली गॅगी, बर्टन आणि बॅझेट या तिघांनी ते सुचवलं. 21 अंशांच्या खोलीत, वारा जवळपास नसताना, निवांत बसलेल्या माणसाला ना थंडी ना उकाडा असं वाटायला जेवढे कपडे लागतात, ती ऊब म्हणजे 1 क्लो. कोट, पँट, शर्ट, आतले कपडे असा पूर्ण सूट साधारण तेवढा भरतो. उन्हाळ्यातले आपले हाफ शर्ट-पँट अर्धा क्लो.

आता बेळगावचा हिशोब मांडू. शहर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवर. डिसेंबर-जानेवारीत आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी, त्यामुळे जमिनीची उष्णता रात्री भराभर आकाशात निसटते आणि कडक थंडीच्या दिवसांत पहाटे पारा 12-13 अंशांवर येतो. या 12 अंशांत कट्ट्यावर बसून राहणाऱ्या आजोबांना, ढोबळ गणित केलं तर, दोन क्लोहून जास्त ऊब लागते. म्हणजे दोन सूट एकावर एक. त्याच हवेत रेसकोर्सकडे झपाझप चालायला निघालेल्याला मात्र अर्धा-पाऊण क्लो पुरतो. म्हणजे जवळपास उन्हाळ्याचेच कपडे! तोडकऱ्याचा उघड्या बटणांचा शर्ट हा गरिबीचा किंवा काटकपणाचाच पुरावा नाही, तो गणिताने बरोबर आहे. आणि मोटारसायकलवर बसलेला मी? अंग हलत नाही, म्हणजे आजोबांच्या गटात. शिवाय समोरून वारा. वाऱ्याचं पुढे सांगतो.

आधी झाकणाबद्दल. ऊब धरून ठेवण्याचं काम लोकरही करत नाही आणि कापूसही नाही. ते काम करते अडकून पडलेली हवा. स्थिर हवेतून उष्णता फार हळू जाते. पाण्यातून ती हवेच्या सुमारे 25 पट वेगाने जाते. कपड्याच्या धाग्यांचं काम एवढंच, की हवेला हलू न देणं. आपल्याकडची वाकळ बघा. जुनी लुगडी, धोतरं, फाटक्या चादरी एकावर एक घालून दोरा घातलेला. यातला कुठलाच कपडा उबदार म्हणून विकत घेतलेला नसतो, पण पाच-सहा थरांच्या मधे जी हवा कोंडली जाते ती एका जाड ब्लँकेटला भारी पडते. एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ कपडे बरे, हे त्याच कारणाने. फक्त मधल्या हवेला जागा राहिली पाहिजे. तंग स्वेटरवर तंग जर्किन चढवलं, की आतला स्वेटर चेपतो आणि दोन कपड्यांचा मिळून दीड होतो. घट्ट बुटात दोन मोजे घालणाऱ्यांचे पाय एका मोज्यापेक्षा जास्त गार पडतात. तिथं हवाही चेपते आणि रक्तही.

थर्मल मात्र याला अपवाद. तो अंगाला बसता हवा, कारण त्याचं मुख्य काम ऊब देणं हे नाहीच. त्याचं काम घाम उचलणं.

उन्हाळ्यात शेतात जाताना आपण पाण्याच्या बाटलीला ओलं पोतं गुंडाळतो. पोत्यातलं पाणी उडून जाताना बाटलीतली उष्णता घेऊन जातं आणि पाणी गार राहतं. घामाने भिजलेलं सुती बनियन तुमच्या छातीशी नेमकं हेच करतं. बाटलीच्या जागी तुम्ही असता. एक ग्रॅम घाम उडायला सुमारे 2400 ज्यूल उष्णता लागते; एक वॅट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल. बनियनमधे 100 ग्रॅम घाम मुरला, म्हणजे अर्ध्या पेल्याइतकाही नाही, तर तो वाळवायला स्वस्थ बसलेल्या शरीराची चाळीस मिनिटांची सगळी उष्णता लागेल. थोडी आजूबाजूच्या हवेतून येते हे खरं, पण बरीचशी तुमच्याच खिशातून जाते. चढण चढताना मजेत असलेला माणूस राजहंसगडावर पोचून पाच मिनिटं बसला की दात वाजवायला लागतो, तो यामुळे.

कापूस घाम ओढून घेण्यात कमी पडतो असं नाही. समईची वात कापसाचीच असते की! अडचण अशी, की तो ओढलेलं पाणी तंतूच्या पोटात घेतो आणि लवकर सोडत नाही. नेहमीच्या हवेतसुद्धा कापूस स्वतःच्या वजनाच्या 7-8 टक्के ओलावा बाळगून असतो. पॉलिएस्टरचा आकडा अर्ध्या टक्क्याच्याही आत. त्यामुळे पॉलिएस्टरच्या बारीक तंतूंमधल्या फटींतून घाम पसरत बाहेरच्या बाजूला येतो आणि तिथून उडतो. अंगाजवळ साचत नाही. त्याबदल्यात पॉलिएस्टर वास धरतं. दोन दिवस घातलेला पॉलिएस्टरचा थर्मल घरच्यांनी हुडकायची गरज पडत नाही.

लोकर या दोघांहून वेगळीच. त्याच हवेत ती 16 टक्क्यांच्या आसपास ओलावा पिते, दमट हवेत वजनाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत, आणि तरी हाताला ओली लागत नाही. शिवाय ओलावा पिताना ती थोडी उष्णता बाहेर सोडते. धुक्यात घोंगडं पांघरून उभ्या असलेल्या धनगराला हे रसायनशास्त्र कुणी शिकवलेलं नसतं, पण चिंचोक्याची खळ दिलेल्या सुतावर विणलेलं ते जाडंभरडं वस्त्र पाऊस, वारा आणि जमिनीचा गारवा तिन्ही एकाच घडीत कसं अडवतं, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. सीमेपलीकडे महाराष्ट्रात घोंगडं, अलीकडे कर्नाटकात कंबळी, वस्तू एकच. मग घोंगड्याचं बनियन का शिवत नाहीत? टोचतं म्हणून. तंतू 30 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड झाला की त्याची टोकं वाकत नाहीत, कातडीत रुततात. मेरिनो मेंढीची लोकर 20 मायक्रॉनच्या आसपास, म्हणून ती अंगालगत चालते आणि म्हणूनच महाग. आपली दख्खनी लोकर भरड; ती वरून पांघरायची.

तेव्हा बेळगावात सुती थर्मल घेऊ नये का? खुशाल घ्या. झोपताना, घरात, दुकानाच्या गल्ल्यावर बसताना, बसमधून जाताना तो चांगला, अंगाला मऊ, धुवायला सोपा. उद्यमबागेत पहिल्या पाळीला भट्टीपाशी काम करणाऱ्याने किंवा सकाळी पळायला जाणाऱ्याने मात्र घेऊ नये. दुकानदार ‘थर्मल’ या एका शब्दात दोन्ही विकतो. लेबल उलटून कापूस किती टक्के ते तुम्हीच बघायचं.

जाळीच्या बनियनची गंमतही इथंच सांगतो. आपण ते उन्हाळ्याचं मानतो. नॉर्वेच्या एका लष्करी अधिकाऱ्याने 1930च्या दशकात मासे धरायच्या जाळ्यातून बनियन बनवलं, ते थंडीसाठी. जाळीची भोकं हवेचे कप्पे होतात, वरचा कपडा अंगापासून दूर राहतो आणि घामाची वाफ भोकांतून सरळ वर जाते. वर दुसरा कपडा असेल तर ते थंडीचं, नसेल तर उन्हाळ्याचं.

आता वारा. टपरीवाल्या मामांनी माझी अर्धी चेन बघितली, चहा ओतता ओतता कालचा पेपर पुढे केला. ‘छातीला घाला ओ आत. काय लाजतायसा?’ लाजलो नाही, घातला. उरलेल्या रस्त्यात जो फरक पडला तो स्वेटर पाडू शकला नव्हता. कारण स्वेटर म्हणजे नुसत्या फाशांची जाळी. उभ्या माणसाला उबदार, वाऱ्यात चाळण. धावत्या गाडीवर कोंडलेली हवा फाशांतून उडवून लावली जाते. ताणा-बाणा घट्ट बसला की वारा अडतो, हे शहापूर-वडगावच्या मागावर बसलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. कागद तर त्याहून घट्ट. म्हणून वारा अडवणारा कपडा सगळ्यांत बाहेर हवा, जाड नसला तरी चालेल.

वाऱ्याचं मोजमाप पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसल या अमेरिकी संशोधकांनी अंटार्क्टिकात केलं. प्लास्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून टांगायचं आणि किती वाऱ्यात ते किती वेळात गोठतं हे बघायचं. ते 1945 साली छापून आलं. आजचं सुधारित सूत्र अमेरिका आणि कॅनडाने 2001 साली स्वीकारलं. त्यात 10 अंश तापमान आणि ताशी 40 किलोमीटरचा वारा घातला, तर उघड्या कातडीला 6 अंशांसारखं वाटतं असं उत्तर येतं. पेट्रोलची टाकी 10 अंशांच्या खाली जात नाही बरं का! वारा तापमान उतरवत नाही, तुमची उष्णता पळवायचा वेग वाढवतो.

मग त्यापेक्षा रेनकोटच घालावा का? वारा अडेल, पण वाफही आत कोंडेल. पहाटे रेनकोट घालून पळणारे, ‘चरबी वितळते’ म्हणणारे गृहस्थ मला दर वर्षी भेटतात. वितळत काही नाही. घाम येतो, घरी जाऊन पाणी प्यायलं की वजन पुन्हा जागेवर.

कानटोपीवरही थोडं. अंगातली निम्मी उष्णता डोक्यातून जाते, हे वाक्य कुठल्या तरी मोठ्या माणसाने तुम्हाला सांगितलं असेलच. ते खरं नाही. 2008 साली रेचल व्रीमन आणि एरन कॅरल या अमेरिकी डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अशा समजुतींचा समाचार घेतला, त्यात ही होती. डोकं शरीराच्या पृष्ठभागाचा जेमतेम दहावा हिस्सा, उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते. आईचं ‘कान झाक’ तरीही ऐकावं, कारण चेहऱ्याला आणि कानांना थंडी इतर अंगापेक्षा जास्त कळते, आणि उरलेलं सगळं झाकलेलं असलं की उघडी जागा तेवढीच राहते. हाताच्या बोटांचं वेगळं. छाती-पोट गार पडायला लागलं, की शरीर बोटांकडचा रक्तपुरवठा आखडून आतल्या अवयवांना राखतं. बोटं बधिर झाली तर हातमोज्याबरोबर छातीवरही एक कपडा वाढवून बघा. माझ्या बोटांना तो पेपर त्यामुळेच लागू पडला.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र 1922पासून आहे. त्यामुळे खानापूर-चंदगडच्या खेड्यांत लेह-सियाचीन करून आलेला एखादा माजी जवान चहाला भेटतोच. आमच्या गल्लीतले एक निवृत्त हवालदार मनालीला निघालेल्या पोरांना दर वर्षी एकच सांगतात : ‘चालायला लागताना जरा थंडी वाजली पायजे. तिथंच गरम वाटलं तर एक कपडा काढून सॅकमधे टाक, घाम फुटायची वाट बघू नको.’ उणे 20 अंशांत ओला कपडा गोठतो, मग तो कपडा राहत नाही, पत्रा होतो. तिथं चूक जिवावर बेतते. इथं फार तर सर्दीच्या नावाने बोटं मोडतो. सर्दी विषाणूने होते, पण ते आता असो.

इथली खरी पंचाईत वेगळी आहे. पहाटे 12-13 अंश, दुपारी तोच दिवस 29-30. सातच्या बसला जर्किन घालून निघालेला माणूस बाराला ते हातावर घेऊन फिरतो. एकच जाडजूड जॅकेट घेतलं, की दिवसभरात ते दोनच अवस्थांत असतं, घातलेलं किंवा लोंबणारं. पातळ थर्मल, वर साधा शर्ट, चेन असलेलं हाफ स्वेटर आणि पिशवीत मावेल असं विंडचीटर, एवढं असलं की एकेक करून उतरवता येतं. चेन ही या सगळ्यातली सगळ्यांत स्वस्त गोष्ट. चढाला उघडायची, उताराला लावायची.

चहाचे पैसे देऊन निघालो, तेव्हा फडात न्याहारीची वेळ झाली होती. तोडकऱ्याने कोयता उसाला टेकवून ठेवला, आधी शर्टाची बटणं लावली, बांधावर घडी करून ठेवलेला स्वेटर अंगात घातला, वरून टॉवेल लपेटला आणि मग भाकरीचं फडकं सोडलं.