थेंबाचा मुकुट आणि फ्लॅशचे गोल

रात्रीच्या पावसात फ्लॅश मारला की फोटोत पांढरट गोल तरंगताना दिसतात. त्यांना ‘ऑर्ब’ म्हणतात, आणि कोणी त्यांत आत्मेही पाहतात. थेंब आपटताच त्याच्या भोवती क्षणभर मुकुटासारखा काठ उसळतो; तो मुकुट टिपणारा प्रखर, क्षणभराचा उजेडच हे गोलही घडवतो.

या उजेडाचा वापर जुना आहे. इंग्लंडमधले भौतिकशास्त्रज्ञ आर्थर वर्दिंग्टन १८७०च्या दशकापासून अंधारात थेंब पाडत, ठरल्या क्षणी विजेची ठिणगी उडवत आणि डोळ्यांत उरलेली प्रतिमा कागदावर काढत. पुढच्या थेंबाला ठिणगी किंचित उशिरा. अशी एकेक अवस्था जमवून त्यांनी शिंतोड्याची सगळी कहाणी रेखाटली, आणि चित्रे मोठी सुबक, सममित निघाली. १८९४च्या सुमारास हेच फोटोत उतरले, तर कडा वाकड्या आणि टोके लहानमोठी! इतकी वर्षे नजर आणि हात मिळून थेंबाला परस्पर नीटनेटके करत होते.

अमेरिकेत एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी ठिणगीच्या जागी वायूने भरलेली फ्लॅशनळी आणली. दुधाच्या थेंबाचा त्यांचा मुकुट १९३६चा, गाजलेला रंगीत फोटो १९५७चा. दूध उजेड विखुरते, म्हणून काठ स्वच्छ उठतात. पाणी पारदर्शक, त्यामागे उजळ पडदा लागतो.

घरी असा फोटो काढताना नेमके चुकते ते फ्लॅश किती वेळ चमकतो यात. ४० सें.मी. वरून सोडलेला थेंब पृष्ठभागाला टेकताना सेकंदाला सुमारे २.८ मीटर वेगात असतो. फ्लॅश १/१००० सेकंद चालला तर तेवढ्यात तो जवळजवळ ३ मि.मी. सरकतो, म्हणजे जवळपास स्वतःच्या जाडीइतका, आणि फोटो पुसट येतो. शटरचा वेग वाढवून उपयोग नाही. खोली अंधारी करून फ्लॅशची ताकद १/३२ किंवा त्याहून कमी करावी. ताकद घटली की बहुतेक फ्लॅशचा चमकण्याचा काळही घटतो. फोकससाठी थेंब पडतो तिथे पेन्सिल आडवी धरून फोकस मॅन्युअलवर कायम करावा.

ऑर्बचा सुळसुळाट झाला तो छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांमुळे. लेन्सला खेटून असलेला फ्लॅश ५ सें.मी.वरच्या थेंबावर किंवा धुळीच्या कणावर थेट पडतो, आणि तो कण फोकसबाहेर असल्याने चकतीसारखा पसरतो. लेन्सची फोकल लांबी ६ मि.मी. आणि तिचे छिद्र एफ/२.८ असेल, तर सेन्सरवर, म्हणजे प्रतिमा टिपणाऱ्या पट्टीवर, ही चकती पाव मि.मी.ची, चित्राच्या उंचीच्या सतराव्या भागाइतकी: ठळक, नजरेत भरणारी. ५० मि.मी.च्या लेन्सने, त्याच एफ/२.८वर, पूर्ण फ्रेमच्या म्हणजे मोठ्या सेन्सरवर तोच कण सुमारे १८ मि.मी. पसरतो आणि फिकट होऊन दिसेनासा होतो. शिवाय १० सें.मी.वरच्या कणाला २ मीटरवरच्या माणसापेक्षा ४०० पट उजेड मिळतो.

पडताळा सोपा आहे. फ्लॅश कॅमेऱ्यापासून ३०-४० सें.मी. बाजूला नेऊन तोच फोटो घ्यावा. गोल जवळजवळ नाहीसे होतात. लेन्सचे पात्यांनी उघडमीट होणारे छिद्र लहान केले, तर जे उरतील ते गोल राहत नाहीत, पात्यांच्या संख्येइतक्या कोनांचे दिसतात.